मऊ राहणारे ब्लॉक आणि क्लिअरिंगच्या द्रावाची निवड

प्रश्न थोडक्यात असा आहे: मोठ्या नमुन्यांच्या, विशेषतः स्तनाच्या आणि इतर चरबीयुक्त ऊतींच्या पॅराफिन ब्लॉकचा (मेणात बसवलेल्या ऊतीच्या ठोकळ्याचा) मधला भाग मऊ राहतो, मायक्रोटोमवर (अतिशय पातळ छेद घेणाऱ्या यंत्रावर) छेद घेताना नेमका तोच भाग गळून पडतो आणि रिबनमध्ये (एकमेकांना जोडून निघणाऱ्या छेदांच्या पट्टीत) भोक दिसते. त्यातच क्लिअरिंगसाठी, म्हणजे ऊतीतले अल्कोहोल काढून मेणाला वाट करून देण्यासाठी, वापरल्या जाणाऱ्या झायलीनच्या वासाबद्दल कर्मचाऱ्यांची तक्रार आहे. अशा वेळी झायलीन बंद करून लिमोनिन वापरावे का, आणि तसे केल्यास ब्लॉकचा हा दोषही दूर होईल का?

हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे ठेवावेत, असा माझा आग्रह आहे. झायलीन बदलण्याला आरोग्याच्या दृष्टीने सबळ कारणे आहेत आणि त्यांचा विचार पुढे केला आहे. मात्र तुम्ही वर्णन केलेला दोष बहुतेक वेळा क्लिअरिंगच्या भांड्यात उघडकीला येत असला, तरी त्याचे मूळ त्याआधीच्या टप्प्यांत, म्हणजे ग्रॉसिंग (नमुन्याचे तुकडे कापणे), स्थिरीकरण (फॉर्मलीनने ऊती टिकवणे) आणि निर्जलीकरण (अल्कोहोलने पाणी काढणे) यांत असते. ते मूळ तसेच ठेवून लिमोनिन सुरू केले, तर दोष कमी होण्याऐवजी वाढेल. कारण झायलीनचे बहुतेक पर्याय पाण्याच्या बाबतीत झायलीनपेक्षाही कमी सहनशील आहेत.

क्लिअरिंगच्या द्रावावर दोन जबाबदाऱ्या असतात. फॉर्मलीनमधून निघालेली ऊती पाण्याने भरलेली असते. चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेल्यावर पाण्याची जागा अल्कोहोल घेते. परंतु अल्कोहोल आणि वितळलेले पॅराफिन एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून दोघांतही मिसळणारा एक द्राव मध्ये घालावा लागतो. या द्रावाने अल्कोहोल पूर्णपणे बाहेर काढायचे, ही पहिली जबाबदारी सर्वांच्या लक्षात असते. मेण आत येताच त्याने स्वतःही पूर्णपणे बाहेर पडायचे, ही दुसरी जबाबदारी तितकीच महत्त्वाची असून द्रावांची तुलना करताना तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. द्राव ऊतीत किती वेगाने शिरेल हे मुख्यतः त्याच्या दाटपणावर ठरते, तर मेणाला तो किती सहज जागा करून देईल याचा अंदाज त्याच्या उत्कलनबिंदूवरून येतो. टोल्युइन सुमारे १११ अंश सेल्सिअसला उकळते, झायलीन १३७ ते १४४ अंशांच्या दरम्यान आणि लिमोनिन सुमारे १७६ अंशांना. या तीन आकड्यांवरूनच कळते की लिमोनिन वापरणाऱ्या प्रयोगशाळेने मेणाच्या भांड्यांकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

ऊती पारदर्शक होणे हा या क्रियेचा दृश्य परिणाम आहे. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते दाखवणारा आकडा) १.३३, एथेनॉलचा १.३६ आणि झायलीनचा जवळजवळ १.५० आहे, निर्जल झालेल्या प्रथिनांचा अपवर्तनांक याहून थोडाच अधिक असल्यामुळे झायलीनने भरलेल्या ऊतीतून प्रकाश फारसा न विखुरता पार होतो. क्लोरोफॉर्ममध्ये ऊती इतकी पारदर्शक दिसत नाही, तरीही क्लिअरिंग उत्तम होते. म्हणजे पारदर्शकता ही मेण शिरण्यासाठीची अट नव्हे. परंतु झायलीन वापरत असताना तिच्याइतकी खात्रीची तपासणी दुसरी नाही, आणि बंद स्वयंचलित यंत्रांच्या काळात ती करणेच आपण सोडून दिले आहे, याचे मला वाईट वाटते.

ती तपासणी अशी करा. दोष येणाऱ्या प्रकारातील एखादा अतिरिक्त तुकडा, म्हणजे ज्यावर निदान अवलंबून नाही असा, नेहमीच्याच वेळापत्रकाने यंत्रातून जाऊ द्या आणि शेवटच्या झायलीननंतर, मेणात जाण्यापूर्वी, ती कॅसेट (तुकडा ठेवलेली छिद्रांची डबी) धूरकपाटात (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात) बाहेर काढा. तुकडा स्वच्छ झायलीन असलेल्या काचेच्या भांड्यात ठेवून मागून प्रकाश सोडा. नीट क्लिअर झालेली ऊती एकसारखी, फिकट मधाच्या रंगाची आणि कडेपासून मध्यापर्यंत सारखीच अर्धपारदर्शक दिसते. कडा पारदर्शक आणि मध्ये पांढुरका, अपारदर्शक गाभा असे दिसले, तर त्या गाभ्यात पाणी किंवा अल्कोहोल शिल्लक आहे. तो तुकडा पात्याने मधोमध कापून पाहिला, तर कडेचा भाग टणक आणि गाभा रबरासारखा दबणारा लागतो. हा गाभा म्हणजेच दुसऱ्या दिवशी ब्लॉकमध्ये दिसणारी मऊ जागा. गाभा एकदा डोळ्यांनी पाहिला की त्याचा शोध झायलीनच्या बाटलीत घेण्याची गरज उरत नाही.

आता पाणी तिथे कसे राहिले, ते पाहू. पहिला संशयित म्हणजे अखेरचे निर्जल अल्कोहोल. प्रत्येक कॅसेट एका भांड्यातून दुसऱ्यात जाताना स्वतःबरोबर थोडा द्राव नेते. कॅसेटमागे केवळ एक-दोन मिलिलिटर धरले, तरी शंभर कॅसेटच्या एका फेरीत शंभर ते दोनशे मिलिलिटर द्राव पुढे सरकतो. भांडे चार लिटरचे असेल तर एकाच फेरीत त्यात अडीच ते पाच टक्के भेसळ झाली. म्हणूनच ‘दर आठवड्याला अल्कोहोल बदलणे’ हा नियम मला मान्य नाही. बदल दिवसांच्या नव्हे, तर प्रक्रिया केलेल्या कॅसेटच्या संख्येच्या हिशोबाने व्हायला हवा आणि तो करताना सर्वांत जुने भांडे काढून टाकून उरलेली एकेक पायरी खाली आणून ताजा द्राव नेहमी शेवटी ठेवायला हवा. अल्कोहोलच्या बाबतीत तसेच झायलीनच्या बाबतीतही हाच क्रम लागू आहे.

अल्कोहोलमध्ये पाणी आले आहे का, हे पाहण्यासाठी महागड्या उपकरणाची गरज नाही. एका कोरड्या परीक्षानळीत स्वच्छ झायलीन घ्या आणि शेवटच्या अल्कोहोलचे काही थेंब त्यात सोडा. शेजारच्या नळीत न उघडलेल्या बाटलीतील निर्जल अल्कोहोलचे तितकेच थेंब सोडून तुलना करा. पहिल्या नळीत दुधाळपणा आला आणि दुसरी स्वच्छ राहिली, तर उत्तर मिळाले. हाताने प्रक्रिया करणाऱ्या प्रयोगशाळांत अल्कोहोलच्या भांड्याच्या तळाशी निर्जल मोरचुदाचा थर देऊन त्यावर गाळणकागद ठेवण्याची जुनी पद्धत आहे. पांढरी भुकटी निळी होऊ लागली की अल्कोहोल बदलायचे. ही पद्धत चांगली आहे, मात्र स्वयंचलित यंत्रात ती कधीही वापरू नये, कारण भुकटी नळ्यांत आणि झडपांत अडकते. यंत्रासाठी घनतामापक पुरेसा आहे. फक्त तापमानाची दुरुस्ती करायला विसरू नये.

दुसरा संशयित म्हणजे तुकड्याची जाडी, आणि चरबीयुक्त नमुन्यांत मला हाच बहुधा खरा अपराधी सापडतो. तीन ते चार मिलिमीटरपेक्षा जाड तुकडा रात्रभराच्या वेळापत्रकात नीट होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. कॅसेटचे झाकण लावताना तुकडा दाबावा लागत असेल, तर त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाला द्राव जवळजवळ लागतच नाही आणि सगळी देवाणघेवाण कडांवरून होते. स्तनाच्या ऊतीत यावर आणखी एक अडचण असते. चरबीत फॉर्मलीन हळू शिरते. त्यामुळे संध्याकाळी आलेला नमुना त्याच रात्री यंत्रात घातला, तर त्याचा गाभा फॉर्मलीनऐवजी अल्कोहोलनेच स्थिर होतो, कडेपेक्षा वेगळा आकसतो आणि पेशींच्या केंद्रकांची बारीक रचना पुसट होते. संप्रेरक-ग्राहकांच्या चाचण्यांसाठी स्तनाच्या ऊतीचे फॉर्मलीनमधील स्थिरीकरण किमान ६ आणि कमाल ७२ तासांचे असावे, अशी शिफारस आहे. ती केवळ त्या चाचण्यांच्या सोयीची नसून ब्लॉकच्या प्रतीलाही उपकारक आहे. शिवाय चरबी एथेनॉलमध्ये फारशी विरघळत नाही, ती मुख्यतः झायलीनमध्ये विरघळते; म्हणजे अशा नमुन्यांत झायलीनला अल्कोहोल काढण्याबरोबर चरबी धुण्याचेही काम करावे लागते आणि त्यासाठी वेळ लागतो. म्हणून मोठे चरबीयुक्त नमुने बारीक सुईच्या बायोप्सींबरोबर एकाच फेरीत घालू नयेत. ज्या वेळापत्रकात बायोप्सी कोरडी आणि ठिसूळ होते, त्याच वेळापत्रकात चरबीचा तुकडा कच्चा राहतो; मधला कोणताही वेळ दोघांनाही न्याय देत नाही. बायोप्सींना प्रत्येक झायलीनमध्ये पंधरा ते तीस मिनिटे पुरतात, तर मोठ्या चरबीयुक्त तुकड्यांना तीन भांड्यांत प्रत्येकी एक तास किंवा त्याहून अधिक वेळ द्यावा लागतो. हलका दाब-निर्वात, सतत ढवळणे आणि ४० अंशांपर्यंतची सौम्य ऊब यांनी हा वेळ कमी होतो. परंतु उष्णता वाढवून जाडीची भरपाई करण्याचा मोह टाळावा, कारण त्याने कड जळल्यासारखी टणक होते आणि गाभा होता तसाच राहतो.

एवढे सगळे तपासल्यावर द्रावांच्या निवडीकडे वळावे. बेंझीनचा विचारही करू नये. ते मानवात कर्करोग घडवते हे सिद्ध आहे. टोल्युइन झायलीनपेक्षा थोडे मृदू आहे आणि ऊतीला कमी टणक करते, परंतु त्याचा ज्वलनांक केवळ ४ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे प्रयोगशाळेच्या नेहमीच्या तापमानालाच त्याची वाफ पेट घेऊ शकते. झायलीनचा ज्वलनांक पंचविशीच्या आसपास किंवा थोडा वर असतो, त्यामुळे तोही निर्धास्त राहण्याजोगा नाहीच. क्लोरोफॉर्म पेटत नाही, मेंदूसारख्या आणि दाट ऊतींना कमी टणक करतो आणि त्यांत चांगला चालतो, परंतु तो संथ आहे, यकृताला घातक आहे, तापवल्यास त्यापासून फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो आणि यंत्रांतील अनेक प्लॅस्टिक व रबरी भाग तो खराब करतो. स्वयंचलित यंत्रात उत्पादकाची लेखी परवानगी असल्याशिवाय तो घालू नये. देवदाराचे तेल ऊतीशी अतिशय सौम्यपणे वागते, मात्र त्याला दिवस लागतात आणि मेणात जाण्यापूर्वी ते दुसऱ्या द्रावाने काढावे लागते. रोजच्या निदानाच्या कामात त्याला जागा उरलेली नाही.

लिमोनिनबद्दल मात्र सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण ‘संत्र्याच्या सालीपासून मिळणारे, नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ अशा समजुतीने ते विकत घेतले जाते. त्याचा ज्वलनांक झायलीनपेक्षा बराच वर, ४८ अंशांच्या आसपास असतो आणि श्वसनाच्या दृष्टीने त्याची वाफ कमी त्रासदायक मानली जाते, हे त्याचे खरे गुण आहेत. परंतु हवेच्या संपर्कात त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून तयार होणारी हायड्रोपेरॉक्साइडे त्वचेला ॲलर्जी आणतात. एकदा अशी संवेदनशीलता जडली की ती सहसा जन्मभर राहते आणि मग त्या व्यक्तीला साबणापासून सुगंधी द्रव्यांपर्यंत अनेक रोजच्या वस्तूंचा त्रास होऊ शकतो. म्हणून बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, अर्धवट भरलेल्या बाटल्या महिनोन्महिने ठेवू नयेत आणि हाताळताना झायलीनइतकीच काळजी घ्यावी. वासाबद्दल सांगायचे तर लिमोनिनचा वास झायलीनपेक्षा मंद नाही, केवळ वेगळा आहे. सुरुवातीला सर्वांना आवडतो आणि बंद खोलीत आठवडाभरात डोके धरू लागतो. वासाची तक्रार हेच द्राव बदलण्याचे कारण असेल, तर हे आधीच ध्यानात घ्यावे.

तांत्रिक बाजूने पाहता लिमोनिन तेलकट आहे आणि सावकाश उडते. ते मेणात साचून राहिले की मेण मऊ होते, छेद पात्याला चिकटतात आणि रिबन आखडते. म्हणून मेणाचे किमान एक भांडे वाढवावे लागते आणि पहिले भांडे लवकर बदलावे लागते. ऊतीतील तांबे किंवा कॅल्शियमचे सूक्ष्म साठे त्यात विरघळून निघून जाऊ शकतात, ही बाब यकृताच्या बायोप्सी पाहणाऱ्या विभागाने विसरू नये. रंजनाच्या (छेद रंगवण्याच्या) शेवटी, कव्हरस्लिप (छेदावरची पातळ काच) लावतानाही ते अडथळा करते. डीपीएक्स हे १९३९ मध्ये कर्कपॅट्रिक आणि लेंड्रम यांनी मांडलेले, कव्हरस्लिप चिकटवण्याचे माध्यम झायलीनमध्येच बनवलेले असते. स्लाइडवर तेलकट द्राव शिल्लक असेल, तर ते नीट पसरत नाही, उशिरा वाळते आणि काही काळाने कडेने मागे सरकते. त्यामुळे प्रक्रियेच्या यंत्रात पर्यायी द्राव आणि रंजनाच्या रांगेत झायलीन अशी मिश्र व्यवस्था अनेक ठिकाणी राहते, आणि त्यात गैर काही नाही.

खनिज तेलापासून बनवलेले सरळ किंवा शाखायुक्त साखळीचे हायड्रोकार्बन, जे वेगवेगळ्या व्यापारी नावांनी मिळतात, ते मला लिमोनिनपेक्षा अधिक भरवशाचे वाटतात. त्यांना वास कमी असतो आणि ते मागे तेलकटपणा ठेवत नाहीत. त्यांची एकमेव मोठी अट म्हणजे निर्जलीकरण निर्दोष हवे. अल्कोहोलमधील थोडेसेही पाणी त्यांना चालत नाही आणि जाड तुकड्यांत ते झायलीनपेक्षा संथ पडतात. तुमच्या प्रयोगशाळेत आज जी अडचण आहे, तिच्यासह हे द्राव वापरले तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

क्लिअरिंगचा द्राव पूर्णपणे टाळण्याचा मार्गही उपलब्ध आहे. आयसोप्रोपॅनॉल गरम मेणात काही प्रमाणात मिसळते. त्यामुळे निर्वात आणि चढे तापमान नीट सांभाळणाऱ्या आधुनिक यंत्रांत ऊती आयसोप्रोपॅनॉलमधून थेट मेणात नेता येते, पहिल्या मेणात तापमान वाढवून अल्कोहोल निर्वाताने ओढून काढले जाते. यंत्राला ही सोय असेल, तर झायलीन घटवण्याचा हा मला सर्वांत पटणारा उपाय आहे. साध्या, हाताने चालवायच्या भांड्यांत मात्र तो करून पाहू नये.

आता झायलीनच्या धोक्याबद्दल. झायलीन हे तीन समघटकांचे आणि एथिलबेंझीनचे मिश्रण असते. अमेरिकेतील ओशा या संस्थेची कायदेशीर मर्यादा आठ तासांच्या सरासरीने १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आहे, तर एसीजीआयएच या तज्ज्ञ संस्थेने आपली शिफारस २० पीपीएमपर्यंत खाली आणली आहे; या दोन आकड्यांतील अंतर पाहता ‘आम्ही कायद्याच्या मर्यादेत आहोत’ एवढ्यावर समाधान मानणे मला योग्य वाटत नाही. नाकावर विसंबू नये: झायलीनचा वास अगदी कमी प्रमाणातही येतो, परंतु थोड्याच वेळात नाक त्याला सरावते आणि प्रमाण वाढले तरी कळत नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून छताजवळचा पंखा फारसा उपयोगाचा नाही. ओढ टेबलाच्या पातळीला किंवा त्याखाली हवी. नेहमीचे नायट्राइल हातमोजे झायलीनला काही मिनिटांतच वाट देतात, त्यामुळे शिंतोडा उडाला की ते लगेच बदलावेत; भांडी रिकामी करताना द्रावरोधक जाड हातमोजे वापरावेत. कर्मचाऱ्यांच्या शरीरात झायलीन किती जाते, हे पाळीच्या शेवटी घेतलेल्या लघवीतील मिथाइलहिप्युरिक आम्लावरून मोजता येते, आणि तक्रार असताना ही तपासणी करून घेणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य आहे. माझ्या पाहण्यात वासाचा मोठा वाटा यंत्रातून नव्हे, तर रंजनाच्या उघड्या भांड्यांतून आणि झायलीनने भिजलेल्या टिपकागदांच्या उघड्या डब्यातून येतो. झाकणे आणि बंद कचराडबा यांनी बराच फरक पडतो. वापरलेले झायलीन ऊर्ध्वपातनाने शुद्ध करून पुन्हा वापरता येते. ते किंवा लिमोनिन, दोन्हीपैकी काहीही सांडपाण्यात ओतू नये. लिमोनिन जलचरांना विषारी आहे.

तरीही बदल करायचाच ठरला, तर समांतर चाचणीशिवाय करू नका. एकाच नमुन्याचे शेजारशेजारचे दोन तुकडे घेऊन एक जुन्या आणि एक नव्या पद्धतीने न्या. त्यांत चरबी, मेंदू, गर्भाशयाचा स्नायू, लसिकाग्रंथी, त्वचा आणि आतड्याच्या बारीक बायोप्सी असाव्यात. हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या मूळ रंजनाबरोबर नेहमीची विशेष रंजने आणि वापरात असलेल्या प्रतिपिंडांच्या चाचण्याही लावा. कोणती स्लाइड कोणत्या पद्धतीची, हे विकृतिशास्त्रज्ञांना सांगू नका. कॅसेटवरील अक्षरेही पाहा; ज्या पेनाची शाई झायलीनमध्ये टिकते, ती नव्या द्रावात टिकेलच असे नाही, आणि पुसलेला क्रमांक हा कोणत्याही मऊ ब्लॉकपेक्षा गंभीर अपघात आहे.

राहिले ते सध्या हातात असलेले मऊ ब्लॉक. ब्लॉकचा पृष्ठभाग छाटून नाकाशी न नेता, हाताने हवा ओढून वास पाहा. झायलीनचा वास आला, तर क्लिअरिंगचा द्रावच आत अडकला आहे. असा ब्लॉक वितळवून ताज्या मेणात निर्वातासह एक-दोन तास ठेवला की तो बहुधा सुधारतो. वास नाही, परंतु मध्यभाग खोलगट, पांढुरका आणि ओलसर आहे, तर आत पाणी आहे. तो वितळवून दोन झायलीनमधून मागे निर्जल अल्कोहोलपर्यंत न्यावा, तिथे ताज्या द्रावाच्या किमान दोन बदलांत पुरेसा वेळ द्यावा आणि मग पुन्हा पुढे आणावा. तुकडा जाड असेल, तर याच वेळी तो पात्याने पातळ करून घ्यावा. स्थिरीकरणच अपुरे राहिले असेल, तर मेण नीट शिरेल, पण पुसट झालेली केंद्रके पूर्ववत होणार नाहीत, हे अहवाल लिहिणाऱ्याला आधी सांगावे. आणि नमुना छोटा व पुन्हा न मिळणारा असेल, तर यांपैकी काहीही करण्यापूर्वी ब्लॉक बर्फावर चांगला थंड करून, जे छेद मिळतील ते आधी स्लाइडवर उचलून ठेवावेत.